ठेवींचे दगडी दस्तऐवज

मुंबईच्या फोर्टातील जुन्या बँकांच्या देखण्या इमारतींना वारसा म्हणून मान मिळतो, आणि तो रास्तच आहे. पण महाराष्ट्रातील ठेवींचा हिशेब त्याहून कितीतरी जुना आहे, आणि तो जुन्नरच्या कातळात कोरलेला आहे. सातवाहनकाळी नाणेघाटातून चढणारा माल या नगरीत येई. इथल्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेल्या कायम ठेवींची नोंद आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3,000 कार्षापणे (तेव्हाची नाणी) ठेवल्याचे व्याजदरासह कोरले आहे: 2,000 वर दरमहा शेकडा एक, 1,000 वर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज भिक्षूंना द्यायचे. कारागिरांवरचा केवढा हा विश्वास!

अशा भिंतींवर कुणी आपले नाव खरवडावे, याची चीड यायला हवी. पुरातत्त्व विभागाने प्रत्येक आर्थिक लेखाशेजारी त्याचा मराठी अर्थ लावावा. जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी आणि पतसंस्थांनी आपल्या मुलांना, सभासदांना तो वाचायला तिथे न्यावे.