मोर विकायचा नाही, सोय विकायची



"सर, आपल्या बीडमध्ये धंद्याला स्कोप काय आहे?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. आज त्याचं उत्तर मी एका जागेपासून सुरू करतो. ती जागा म्हणजे पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य. बीडहून मांजरसुंबा आणि तिथून पाटोद्याचा रस्ता धरला की साधारण तासाभरात तुम्ही तिथं पोचता. 1994 साली हे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जवळपास 30 चौरस किलोमीटर. बालाघाटच्या डोंगररांगेतलं रान आहे, उन्हाळ्यात करपलेलं आणि पावसाळ्यात हिरवंगार. आणि नावाप्रमाणे इथला राजा मोर.

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी सहाला तिथं चालायला जा. उजाडताना मोर झाडावरून खाली उतरतात आणि चरायला लागतात. ओरडणं तर आधीच सुरू झालेलं असतं. पिसारा बघायचा असेल तर पावसाळ्याचेच महिने, कारण तोच त्यांचा विणीचा काळ. ऊन चढलं की पक्षी झुडपात शिरतात आणि माणसं गाडीकडे वळतात. म्हणजे गिऱ्हाईक पहाटे निघतं आणि नऊ-साडेनऊला भुकेलेलं बाहेर येतं. आपल्या धंद्याची वेळ इथंच ठरली.

आता माझं मत सांगतो. काहींना ते पटणार नाही.

पर्यटन म्हटलं की आपल्या पोरांच्या डोक्यात एकच चित्र येतं. रस्त्याला लागून जागा घ्यायची, पत्र्याचं शेड टाकायचं, लायटिंग करायची, स्पीकर लावायचा, बाहेर सेल्फी पॉइंट. नायगावसारख्या ठिकाणी हा धंदा करूच नये असं मला वाटतं. त्यात निसर्गप्रेमाचा भाग आहेच, पण मी हे दुकानदार म्हणून बोलतोय. किराणा दुकानात साखर संपली तर होलसेलवाल्याला फोन लावता येतो. इथं माल म्हणजे शांतता आणि मोर. स्पीकरच्या आवाजानं मोर आत दरीत सरकला, तर कुठल्या होलसेलवाल्याला फोन लावणार? ज्या मालाला ऑर्डर देता येत नाही, तो माल उडवून धंदा करणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा हिशोबाचा. वही काढा. मी अंदाजाचे आकडे धरतोय, तुमचे वेगळे निघतील. एका रविवारी 40 माणसांनी पोहे किंवा पिठलं-भाकरी आणि चहा घेतला, माणशी 60 रुपये. गल्ला झाला 2,400. सामान 1,000, गॅस-पाणी 200, मदतीला एक माणूस 400, येणं-जाणं आणि किरकोळ 100. हातात राहिले 700. जुलै ते नोव्हेंबर साधारण 20 रविवार धरले, तर अख्ख्या हंगामाचे झाले 14,000 रुपये.

आता शेड आणि फर्निचरसाठी 5 लाखांचं कर्ज काढलं, 12 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी, तर महिन्याचा हप्ता 11,000 च्या वर जातो. हंगामाची सगळी कमाई आणि जेमतेम सव्वा महिन्याचा हप्ता! तरी "टुरिझममध्ये पैसाच पैसा" असं स्टेजवरून सांगणारे आहेत. त्यांना एवढंच विचारा, उन्हाळ्यात हप्ता कोण भरणार?

मग धंदा करूच नये का? करावा, पण जोडधंदा म्हणून आणि घरच्या भांडवलावर. रस्त्याकडेला तुमचं घर आहे, शेत आहे, छोटं दुकान आहे, चूल आहे. त्यावर हे 14,000 वरचे पडतात. त्यात भर घालायची जागाही आहे. पावसाळा सरताना आपल्या डोंगरातलं सीताफळ येतं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. चालून आलेल्या माणसाला निवडलेल्या सहा फळांची टोपली द्या. घरी जाताना तो ती हौसेनं घेऊन जाईल. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. तिथं पाड्यावरच्या बाया काकडी, चिंचा, बोरं घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांना ना शेड लागलं ना लायटिंग. हंगामात जे रानात-शेतात येतं, तेच टोपलीत असतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणाच्याच बिझनेस प्लॅनमध्ये नसते. स्वच्छ संडास. पुरुष कुठंही गाडी थांबवतात. बायका पहाटेपासून पाणी न पिता बसतात आणि पुढच्या वेळी यायलाच नको म्हणतात. तुमच्या घरचा संडास स्वच्छ ठेवा, आत बादली, साबण, दाराला नीट कडी ठेवा आणि रस्त्यावर साधी पाटी लावा. ज्या घरी बाईमाणसाची सोय होते, तिथंच सगळं कुटुंब नाश्त्याला थांबतं. माझ्या मते या रस्त्यावरची सगळ्यात चांगली गुंतवणूक हीच आहे.

तिसरी सोय म्हणजे माहिती. ताडोब्यात जंगल दाखवणारे कितीतरी गाइड आजूबाजूच्या गावांतलेच आहेत. नायगाव म्हणजे ताडोबा नाही, तेवढं गिऱ्हाईक इथं येणार नाही. पण मोर कुठल्या बाजूला उतरतो हे गावातल्या गुराख्याइतकं कुणाला माहीत असतं? वन विभागाशी बोलून, परवानगी घेऊन हे काम करता येतं का ते विचारा. शिवाय त्याच रस्त्यावर फेरा जुळवून देता येतो. सकाळी नायगाव, मग मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, तिथं मन्मथ स्वामींची समाधी आणि पावसाळ्यात धबधबा. किंवा पाटोदा तालुक्यातलाच सौताड्याचा धबधबा. हे सगळं एका कागदावर छापून द्या. गिऱ्हाईक तुमचा नंबर जपून ठेवेल.

आता कायद्याचं बोलू, कारण इथं मजा-मजा चालत नाही. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, विकायला बसायचं नाही. पडलेलं पीस उचलून बाहेर आणून विकणं हासुद्धा धंदा नाही, ती केस आहे. मोर जवळ यावा म्हणून दाणे टाकू नका. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. प्लास्टिकच्या प्लेटऐवजी पत्रावळ किंवा स्टीलचं ताट वापरा. गिऱ्हाईकाला सांगा, "ताई, पिशवी गाडीतच राहू द्या." तुमच्या तोंडून ऐकलेलं तो पाळतो.

हे सगळं एवढं गंभीरपणे का सांगतोय? आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा सुटते, घरी म्हातारी माणसं राहतात. नाश्त्याच्या टपरीनं कोयता सुटेल असं खोटं मी सांगणार नाही. चौदा हजारात तो सुटत नाही. पण उचल थोडी कमी घ्यावी लागली, तरी त्या घरासाठी ती मोठी गोष्ट आहे.

आणि मोराचंही बघा. शेतकऱ्याला तो पिकातलं दाणं खाणारा पक्षी म्हणूनच माहीत आहे. नुकसान त्याचं आणि फोटो शहरातल्या माणसाचे, असं चाललं तर त्यानं जंगल का राखावं? रविवारी त्याच्याच ओसरीवर चार ताटं खपली, तर मोर त्याच्या हिशोबात जमेच्या बाजूला येतो. मग शिट्टी वाजवणाऱ्या पर्यटकाला वनरक्षकाच्या आधी तोच हटकेल.

तर गृहपाठ घ्या. एक रुपयाही खर्च करू नका. चार रविवार पहाटे साडेपाच ते दहा नायगावच्या रस्त्यावर वही घेऊन उभे राहा. किती गाड्या आल्या, किती गाड्यांत बायका-मुलं होती, किती जण जेवण घरून बांधून आणतात, हे लिहा. परत जाणाऱ्या पाच जणांना विचारा, "काय मिळालं असतं तर बरं झालं असतं?" माझे 40 आणि 60 खोडून तुमचे आकडे टाका. बेरीज जमली तर चूल पेटवा. नाही जमली, तर चार सकाळी मोर बघून झाले आणि कर्ज वाचलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही सोबत ठेवा.