माथेरानचे इंजिन आणि आपले खाचर

आपल्या रायगड जिल्ह्यात किल्ले आहेत, बंदरे आहेत, मिठागरे आहेत. तसेच एक इंजिनही आहे, ज्याचे नाव परदेशातही घेतले जाते. नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारे वाफेचे इंजिन ते. आज ते गाडी ओढत नाही. तरी ते दिसले की माणसे थांबतात, पोरे चाकाला हात लावून बघतात. एवढ्या जुन्या लोखंडात लोकांना काय दिसते? याचे उत्तर पेण-रोह्याच्या शेतकऱ्याने समजून घ्यावे असे आहे, कारण त्यात आपल्या खिशाचा प्रश्न आहे.

आधी इतिहास पाहू. पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे बोरघाट फोडून लोहमार्ग पुण्याकडे नेला. त्या घाटातला सर्वांत कडक चढ ३७ फुटांत १ फूट. माथेरानला मात्र नेरळपासून सुमारे साडेसातशे मीटर वर चढायचे होते. हे काम सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने अंगावर घेतले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते तडीस नेले. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १६ लाख रुपये लागले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. पेण-रोह्याला रेल्वे आली ती १९८६ मध्ये, म्हणजे जवळपास ऐंशी वर्षांनी!

या मंडळींनी डोंगराशी झुंज घेतली नाही, हे महत्त्वाचे. साडेपाच फुटी मोठ्या रुळांचा हट्ट सोडून त्यांनी दोन फुटी रूळ टाकले. सरळ वर न जाता वाट डोंगराच्या अंगाने वळवत नेली. आपण डोंगरउतारावर समपातळी चर खणतो ना, जवळजवळ तशीच, फक्त हळूहळू वर चढणारी. त्यामुळे मार्ग झाला सुमारे वीस किलोमीटरचा. तरीही काही ठिकाणी चढ २० फुटांत १ फूट आहे आणि काही वळणांची त्रिज्या जेमतेम ६० फूट. मोठ्या रेल्वेचे इंजिन असल्या वळणावर टिकलेच नसते.

म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास चार इंजिने आणली. सहा चाके, तीन आस. मधला आस पक्का. पुढचा आणि मागचा मात्र निराळा. बाहेर पोकळ आस, त्याच्या पोटात भरीव आस आणि दोघांमध्ये गोळ्याचा सांधा. वळण आले की पोकळ आस चाकांसकट थोडा वळतो आणि रूळ धरून राहतो. म्हणजे अंग ताठ, पण पाय लवचिक! क्लीन-लिंडनर नावाने ही रचना ओळखली जाते. जावा बेटावर उसाच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनांनाही ती होती.

ही इंजिने दिसायला लहान आणि चालीने मंद. ताशी १२ ते २० किलोमीटर, म्हणजे सायकलवाला पुढे जाईल. पण १९५०च्या दशकात डिझेलची इंजिने आल्यावरही वाफेची इंजिने कामावर होती, ती थेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. पंचाहत्तर वर्षे! पुढे त्यातले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडात लेटन बझर्ड इथल्या हौशी मंडळींनी नेऊन जपले.

आणि हा मार्ग? २६ जुलै २००५च्या पावसात तो वाहून गेला. लोकांना तो हवा होता, म्हणून २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ मध्ये पुन्हा वाहून गेला, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. तोट्या-नफ्याचा नुसता हिशेब केला असता तर रूळ कधीच भंगारात गेले असते.

लोकांना ओढ का, तर या यंत्रात काही लपलेले नाही. कोळसा जळतो, पाणी उकळते, वाफ दट्ट्या ढकलते, दांडा चाक फिरवतो. शाळा न शिकलेल्या माणसालाही कळते. आणि दुसरे, ते ज्या डोंगरासाठी केले त्या डोंगरालाच शोभते. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण डोळ्यांना पटते.

आता आपल्या शेताकडे या. पेणच्या खारेपाटात चिखल गुडघाभर. रोह्याच्या डोंगराकडेला खाचरे पायऱ्यापायऱ्यांची, बांधावरून माणूस कसाबसा जाईल. अशा ठिकाणी शेजाऱ्याने घेतला म्हणून, किंवा अनुदान आहे म्हणून, मोठा ट्रॅक्टर दारात आणायचा? चिखलात तो रुततो, बांध फोडल्याशिवाय पुढच्या खाचरात जात नाही. मग वर्षातले बरेच दिवस तो पडवीत उभा आणि सोसायटीचा हप्ता मात्र चालू! त्यापेक्षा पॉवर टिलर, हाताने चालवायचे कापणी यंत्र, लहान मळणी यंत्र ही आपल्या दोन फुटी रुळावरची इंजिने आहेत.

कोणी म्हणेल, साहेब, तुम्ही आम्हाला मागे नेता. मुळीच नाही. वाफेचे इंजिन कोळसा फार खाते, धूर करते, म्हणून ते निवृत्त झाले हे योग्यच. सलग सपाट जमीन असेल, पाच-सहा जणांचे खाचर एकत्र होत असेल, तर मोठे यंत्रही जरूर आणा. माझे म्हणणे एवढेच, की आधी जमीन मोजा, मग यंत्र निवडा.

यंत्र घेण्याआधी चार गोष्टी पाहा. खाचराचे माप काय, बांधावरची वाट किती रुंद, चिखल किती खोल आणि दुरुस्ती करणारा कारागीर व सुटे भाग जवळ मिळतात का. शेवटची गोष्ट विसरू नका. माथेरानची इंजिने इतकी वर्षे चालली, कारण पायथ्याला नेरळला शेड होती आणि हात काळे करणारी माणसे होती.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही विनंती आहे. गावात अवजार बँक करायची ठरली तर यादी कंपनीच्या छापील पत्रकावरून करू नका. ग्रामसभेत शेतकऱ्यांना विचारा, शिवारफेरी काढा, मग यादी करा. यंत्रे ठेवायला पत्र्याची शेड आणि ती सांभाळायला गावातलाच एक शिकलेला तरुण, ही तरतूद आधी करा.

आणि मुलांना घेऊन एकदा नेरळ-माथेरानला जाऊन या. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, तेव्हा भातकापणी उरकल्यावर जा. चाके नीट पाहा आणि घरी आल्यावर आपल्या खाचराचा बांध मोजा.