अळवाचे पान आणि आमटीचा द्रोण

क्षणभंगुर गोष्टीला आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो. या वाक्प्रचारात सारे लक्ष त्या थेंबाकडे जाते, पानाकडे कोणी पाहत नाही. वास्तविक कौतुक करायचे ते पानाचे! त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. म्हणून थेंब घरंगळून जातो. सारा पावसाळा भिजूनही ते पान कुजत नाही, आणि गळून पडले की मात्र मुकाट्याने मातीत मिसळते. जिवंत असेपर्यंत पाणी अडवायचे आणि काम संपले की कुजून जायचे, ही दोन्ही कामे ज्याला साधली असे वेष्टन माणसाला अजून मनासारखे करता आलेले नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. हा विषय शास्त्र शाखेच्या मुलांनी हाताळावा, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि माझ्या वह्या-पुस्तकांच्या खर्चात पळसाच्या पत्रावळींचा वाटा आहे. आई आणि आजी पत्रावळी टाचतात. तेव्हा द्रोणातून आमटी गळते की नाही, हा आमच्या घरी पोटाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. आता पत्रावळीला दिवस येतील, असे आम्हांला वाटले होते. दिवस आले ते चकचकीत कागदी प्लेटांचे. गावातल्या एका लग्नात आचाऱ्याने आमच्या पत्रावळी परत पाठवल्या. 'रस्सा गळतो, पाहुण्यांचे कपडे खराब होतात,' असे त्याचे म्हणणे. आईला वाईट वाटले. पण माझ्या मते त्याचा आक्षेप खरा होता. 'आपली परंपरा', 'आपली संस्कृती' असे म्हणून गळका द्रोण कोणाच्या हाती देता येत नाही. उत्तर द्यायचे तर ते ओलाव्याच्या प्रश्नालाच दिले पाहिजे.

हा प्रश्न अवघड का आहे, हे ग्रंथालयातील विज्ञानाची पुस्तके वाचून मी समजून घेतले. मका, बटाटा, साबुदाण्याचा कंद यांच्या स्टार्चपासून पातळ फिल्म करता येते. परंतु स्टार्चच्या रेणूवर पाण्याला ओढून घेणारे गट जागोजाग असतात. त्यामुळे पावसाळी हवेत अशी फिल्म ओलावा शोषून लिबलिबीत होते. नुसती स्टार्चची फिल्म वाळली की तडकते, म्हणून तिच्यात ग्लिसरीन मिसळतात. आणि ग्लिसरीनही पाणी ओढते! हे वाचताना मला हसू आले. वाळलेली पाने टाचताना तुटू नयेत म्हणून आजी त्यांच्यावर पाणी शिंपडते. पानाला पाणी जे करते, तेच फिल्मला ग्लिसरीन करते. लवचिकपणा हवा तर ओलाव्याला दार उघडावे लागते, ही खरी अडचण.

यावर तोडगा नाही असे नव्हे. १९०८ साली ब्रँडनबर्गर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेन तयार केले. त्यातून पाणी गळत नसे, पण पाण्याची वाफ आरपार जाई. त्यामुळे ज्या मालाला ओलावा बाधतो त्याला ते निरुपयोगी ठरे. १९२७ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीतील हेल चार्च यांनी त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेण असलेल्या लाखेसारख्या मिश्रणाचा पातळ थर दिला, आणि वाफ अडली. यातून मला एवढे कळले की, सारी वस्तू बदलावी लागत नाही. वरचा थर बदलला तरी काम होते. आज स्टार्चच्या फिल्मवर मधमाश्यांचे मेण लावणे, सायट्रिक ॲसिडने रेणूंची एकमेकांशी गाठ मारणे, किंवा फिल्ममध्ये मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळून वाफेची वाट नागमोडी करणे, असे प्रयोग चालू आहेत.

मात्र याच वरच्या थरात फसवणूकही होते. कागदी पेल्याला आपण कागद समजतो. पण चहा अडवतो तो पेल्याच्या आतला पॉलिथिनचा पापुद्रा. उसाच्या चिपाडाच्या ताटल्या दिसायला किती सात्त्विक! पण तेल-पाणी झिरपू नये म्हणून अशा लगद्याच्या भांड्यांत अनेक ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली, आणि ती निसर्गात वर्षानुवर्षे तशीच राहतात. डेन्मार्कने २०२० साली अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांना बंदी केली. अमेरिकेतही तेल रोखण्यासाठी अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांची विक्री थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली जाहीर केले. मक्यापासून होणारे पीएलए पाणी बरे अडवते. पण ते लवकर कुजायला साठ अंशांच्या आसपास उष्णता असलेला खताचा कारखाना लागतो. आपल्या गावच्या उकिरड्यावर ती कोठून येणार?

मग करावे काय? माझे मत असे की, आपण प्रश्नच चुकीचा विचारत आहोत. 'प्लॅस्टिकसारखे पाणी अडवणारे, पण कुजणारे काही द्या,' असा आपला हट्ट आहे. परंतु कुजण्यासाठीही पाणीच लागते. जे पाण्याला कधीच आत येऊ देणार नाही, ते कुजणारही नाही. म्हणून पाणी किती वेळ अडवायचे, हे आधी ठरवले पाहिजे. पंगत अर्ध्या तासात उठते. लाडवाच्या पुडीला आठवडा पुरे. कुरकुरीत फरसाण महिनोन् महिने टिकवायचे असेल तर आज तरी वनस्पतीच्या फिल्मला ते जड जाते, हे मान्य करावे. पण म्हणून अर्ध्या तासाच्या कामासाठी शेकडो वर्षे उरणारी वस्तू वापरणे, हा कोठला हिशेब?

अर्ध्या तासाचे उत्तर आपल्या रानात आहे. पान मुळातच मेणाचा थर घेऊन जन्माला येते. पाणी झिरपते ते टाक्यांमधून आणि दोन पानांच्या सांध्यांतून. दोन थर एकत्र ठेवून यंत्रावर गरम दाबले तर हा दोष बराच कमी होतो. ज्या पळसाची पाने आम्ही तोडतो, त्याच पळसावर लाखेचा किडा वाढतो. त्या लाखेचे शेलॅक औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर चढवतात, म्हणजे ते पोटात चालते. लाखेवरील संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालापासून संस्था आहे. शेलॅक उष्णतेने मऊ पडते, तेव्हा उकळत्या आमटीला ते उपयोगी नाही. पण सुक्या आणि गार पदार्थांच्या वेष्टनाला का नसावे? पान आणि लाख एकाच झाडाची असताना ती एकत्र आणण्याचे काम पत्रावळी टाचणाऱ्या बायकांच्या हाती का देऊ नये?

माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक 'पर्यावरणपूरक' ताटलीवर तिच्या आतला थर कशाचा, हे मराठीत छापण्याची सक्ती असावी. आणि आपल्या स्नेहसंमेलनाचे जेवण पुढच्या वर्षी दाबलेल्या पानांच्या पत्रावळीवर व्हावे. आमटी गळली तर मला जरूर बोल लावा. पण ती गळते की नाही, हे अर्धा तास पाहून मग लावा.