ज्याचं वाद्य, त्याचं मत

माणूस पदरचे पैसे मोडून एखादी वस्तू घरी आणतो, त्या दिवसापासून तिच्याबद्दलचं त्याचं मत निर्मळ राहत नाही. तो साक्षीदार असतो आणि पक्षकारही. कोर्टात अशा माणसाची साक्ष जपून घेतात. खरेदीच्या वेळी मात्र आपण तीच सगळ्यात खरी मानतो. गेले काही महिने मी एका वाद्याच्या मालकांची मतं वाचतोय. कारण माझा एक माजी विद्यार्थी. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा, लग्नसमारंभात वाजवणाऱ्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो, तीही उसनी. आता त्याला स्वतःची घ्यायची आहे. ‘सर, सगळे म्हणतात घ्यायची तर असली घे, नाहीतर राहू दे,’ असं तो म्हणाला. मला संगीतातलं फार कळत नाही, पण हे ‘नाहीतर राहू दे’ माझ्या डोक्यातून जाईना.

वाद्य म्हणजे फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास. बास गिटार गाण्यात चटकन दिसत नाही, पण काढून घेतली तर गाणं पाया खचलेल्या भिंतीसारखं वाटतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात ती टोनी वाझ वाजवत. आपण ती आयुष्यभर ऐकली, नाव मात्र फार थोड्यांना माहीत. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी हे वाद्य बाजारात आणलं. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढा उभा डबल बास असायचा. नेणं अवघड, आणि बाकीच्या वाद्यांच्या गोंगाटात ऐकू येणं त्याहून अवघड. शिवाय त्याला पडदे नसतात, बोट जरा सरकलं की सूर हलतो. फेंडर यांनी सतारीसारखे पडदे दिले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. (सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी 1930च्या दशकातच असं वाद्य केलं होतं. ते काही चाललं नाही.)

गंमत अशी की फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. वादक येऊन आपलं गाऱ्हाणं सांगत आणि ते ऐकून हा माणूस हत्यारं हातात घेई. आपल्या मिरजेची गोष्ट फार वेगळी नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवू लागले आणि मिरजेच्या सतारीला नाव मिळालं. म्हणून वापरणाऱ्याचं मत मी मुळीच हलकं मानत नाही. अशाच मतांवर वाद्यं घडली आहेत.

प्रश्न असा की कुठलं मत? प्रिसिजनच्या मालकांची स्तुती वाचली तर तेच तेच शब्द भेटतात. आवाज ‘गरम’ आहे, ‘जाड’ आहे, ‘गुरगुरतो’. उर्दू शिकवणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. आपले जुने तज़किरे असेच असायचे, एका ओळीत शायर निकालात. मीर तकी मीर यांचा ‘निकातुश्शुअरा’ 1752चा. तो अजून वाचावासा वाटतो, कारण मीर स्वतः त्याच धंद्यातले होते आणि नावं ठेवताना हात आखडत नव्हते.

मालकांच्या मतांचंही तेच. खरा माल तक्रारींत असतो. वाद्य चार किलोच्या आसपास, तीन तास उभं राहून वाजवलं की खांदा बोलू लागतो. खुंट्यांचं डोकं जड, त्यामुळे काही वाद्यं हात सोडला की जमिनीकडे झुकतात. बटणं दोनच, एक आवाजाचं, एक सुराच्या धारेचं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर वाजतो आणि लगेच विझतो. तारेचं कंपन त्या जागी लाकडी दांडी शोषून घेते. कुठलाही दुकानदार हे सांगणार नाही, जाहिरातीत तर नाहीच. दहा वर्षं वाजवलेला माणूस सांगतो, आणि डोक्याला छोटं वजन अडकवलं की हा दोष कधीकधी सरकतो हेही तोच सांगतो. अशा एका ओळीसाठी मी कौतुकाची शंभर पानं द्यायला तयार आहे.

मग येतात ‘असली’वाले. जानेवारी 1965मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. त्याआधीचं वाद्य तेच खरं, बाकी सगळा बाजार, असं मानणारा मोठा वर्ग आहे. विक्रीनंतर कंपनीची कारागिरी ढासळली हे खरंच आहे. पण या वर्गाचं दैवत कोण, तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन. त्यांचा प्रिसिजन 1962चा होता, म्हणजे त्या काळच्या चालू बनावटीचा, पुराणवस्तू नव्हे. तारा जाड आणि सपाट, तुटल्याशिवाय ते बदलत नसत. उजव्या हाताचं एकच बोट चाले. त्या बोटावर 1960च्या दशकातली कितीतरी गाणी उभी राहिली, आणि मोटाउनच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव छापून यायला मार्विन गे यांची 1971ची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ उजाडावी लागली. 1983 साली त्यांचं निधन झालं, त्याच्या जरासं आधी ते वाद्य चोरीला गेलं. ज्या कोणाकडे असेल त्याच्याकडे असो. त्याच्या हातून जेमर्सन काही वाजणार नाहीत.

फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर 1982पासून आहे. दोन्ही घरात असलेले कितीतरी मालक लिहितात की कार्यक्रमात श्रोत्यांना फरक कळत नाही, आणि पुढच्याच वाक्यात, तरी मूळचं ते मूळचंच. त्यातलं पहिलं वाक्य कानाचं, दुसरं खिशाचं. ज्याचा खिसाच रिकामा, त्या पोराला हे दुसरं वाक्य ऐकवून घरी बसवणं मला बिलकूल मान्य नाही. इंग्रजी शाळा नाहीतर काहीच नाही, असं सांगून आमच्या उर्दू शाळेतली मुलं कुणी नेऊ लागलं की मला जे वाटतं, तेच इथे वाटलं.

मी त्याला म्हटलं, ‘मालकांना कशी आहे असं विचारूच नकोस. किती वर्षं वाजवलीस, काय दुखतं आणि कुठला सूर विझतो, एवढंच विचार.’ परवा त्याचा निरोप आला. जुनी स्क्वायर विकणारा एक जण सापडलाय. सहा वर्षं वाजवली म्हणतो, सहाव्या पडद्यावर सूर बसतो, पट्टा रुंद घे. पैशांचं आता अब्बांशी बोलायचंय.