दहा किलोमीटरचा न्याय

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांसंबंधी एक अधिसूचना काढली. धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याच्या बंधनातून देशातील सुमारे ७८ टक्के संच तिने मोकळे केले. खानदेशात तिची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. दीपनगरची धुराडी आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहेत की त्यांच्याविषयी दिल्लीत काही ठरते, याचेच भान राहिलेले नाही.

या माफीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी सरकारने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच ठरवली. पाचशे मेगावॉट व त्यावरील जुन्या संचांना घनमीटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा पडली आणि पूर्ततेसाठी दोन वर्षे मिळाली. २०१७ साली मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ साली केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडण्यात आले आणि ‘क’ वर्गाला २०२४ अखेरपर्यंत सवड मिळाली. २०२२ साली ती २०२६ पर्यंत आणि डिसेंबर २०२४ मध्ये २०२९ पर्यंत वाढली. चार वेळा मुदतवाढ आणि पाचव्या वेळी माफी! शेतकऱ्याच्या पीककर्जाला ३१ मार्चची तारीख असते. ती चुकली की दुसऱ्या दिवशी तो थकबाकीदार ठरतो. त्याच्यासाठी अ, ब, क असे वर्ग कोणी पाडत नाही.

हे वर्ग कशावरून पडले? अंतरावरून. दिल्ली परिसर वा दहा लाखांवर वस्तीचे शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर ‘अ’. अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे मानक सातत्याने न गाठणारे शहर तितक्या अंतरात असेल तर ‘ब’. उरलेले सारे ‘क’. आता गंमत पाहा. मानक न गाठणाऱ्या शहरांच्या सरकारी यादीत जळगावचे नाव आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात शहराचा समावेश आहे, हवा सुधारण्यासाठी निधीही आहे. पण दीपनगर जळगावपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे ज्या सरकारने जळगावची हवा वाईट ठरवली, त्याच सरकारच्या नियमाने दीपनगरचा जळगावशी काही संबंध उरत नाही. बहिणाबाईंचे माहेर म्हणून भाषणांतून गौरवले जाणारे आमचे असोदे या दोहोंच्या मधले. ते तर कोणत्याच यादीत नाही.

जळगावच्या धुळीला रस्ते, बांधकामे, वाहने ही कारणे आहेतच. सगळा दोष एका धुराड्याला देणे अशास्त्रीय होईल. परंतु सल्फर डायऑक्साइड हा वायू म्हणून बाहेर पडतो आणि हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. ज्या शहरात वायूचे प्रमाण मोजून सारे ठीक असल्याचा निर्वाळा दिला जातो, तेथेच हे कण वेगळ्या नावाने धुळीच्या खात्यात जमा होतात. माफीच्या समर्थनार्थ वायूच्या मोजमापाचा दाखला देणाऱ्यांनी हा हिशेब एका वहीतून दुसऱ्या वहीत सरकवला आहे.

दुसरा युक्तिवाद असा की भारतीय कोळशात गंधक मुळातच कमी, जेमतेम अर्धा टक्का. आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. आपल्या कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्के; उष्णता कमी, म्हणून एका युनिटमागे अधिक कोळसा जाळावा लागतो. दीपनगरचे पाचशे मेगावॉटचे दोन संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला दोन कोटी चाळीस लाख युनिटे वीज होते आणि तिला सुमारे पंधरा हजार टन कोळसा लागतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पंचाहत्तर टन गंधक. जळताना त्याचे वजन दुप्पट होते. म्हणजे दिवसाला दीडशे टनांच्या घरात वायू! अर्धा टक्का कमी खराच, पण तो कशाचा अर्धा टक्का, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय अलीकडे ६६० मेगावॉटचा संच जोडीला उभा राहिला आहे.

माफीची अट कोणती? तर धुराडे ठरलेल्या उंचीचे असावे. उंच धुराड्याने विष कमी होत नाही, फक्त लांबच्या लोकांत वाटले जाते. युरोपने हा प्रयोग करून पाहिला आहे. इंग्लंड-जर्मनीच्या उंच धुराड्यांतला गंधक स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत आम्लपाऊस होऊन पडला. स्वीडनने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत हा प्रश्न जगापुढे मांडला आणि १९७९ साली जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. तेथे देशांच्या सीमा अपुऱ्या पडल्या, येथे दहा किलोमीटरचे वर्तुळ पुरेसे मानले जाते.

हे करणे अशक्य आहे काय? महाराष्ट्रातच उत्तर आहे. तुर्भ्याच्या टाटांच्या पाचशे मेगावॉटच्या संचाला समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा ऐंशीच्या दशकातच बसली, कारण समोर मुंबई होती. डहाणूचे उदाहरण त्याहून बोलके. तेथे चिकूच्या बागा होत्या आणि न्यायालयापर्यंत जाऊन झगडणारी माणसे होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. कंपनीने वेळ काढला, प्राधिकरणाने पिच्छा सोडला नाही आणि २००७ साली यंत्रणा सुरू झाली. चिकूला मिळालेला न्याय केळीला का नाही? रावेर-यावलच्या केळीची पाने मुंबईच्या पंगतीत पोचतात, रावेर-यावलची फुप्फुसे पोचत नाहीत, एवढाच फरक.

आता खर्चाकडे वळू, कारण खरा अडसर तोच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ साली पाचशे मेगावॉटच्या संचासाठी मेगावॉटमागे सुमारे चाळीस लाखांचा अंदाज दिला होता. हजार मेगावॉटला चारशे कोटी. व्याज, घसारा धरून वर्षाला साठ कोटी धरले तर युनिटमागे दहा पैसे. चुनखडी, पाणी, यंत्रणेला लागणारी वीज मिळवून वीस-पंचवीस पैसे म्हणा. आणि २०२१ सालच्या नियमात ‘क’ वर्गाने मुदत मोडली तर दंड किती होता? पहिल्या सहा महिन्यांस युनिटमागे पाच पैसे, वर्षानंतर दहा. कायदा पाळणे महाग आणि मोडणे स्वस्त, असा दर सरकारने स्वतः ठरवून दिला. पुढल्या वर्षी दंड वाढवला, पण त्याच कागदाने मुदतही वाढवली. शिवाय २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्याखालचे आदेश मोडल्याची दीड ते सहा वर्षांची कैद काढून टाकली. आता दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड. पंधरा लाख हा दीपनगरला काही मिनिटांच्या विजेचा हिशेब आहे.

विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योग आपला खर्च ताळेबंदातून बाहेर टाकतो आणि तो समाजाच्या अंगावर पडतो, हे त्याचे प्रतिपादन. येथे काही साथींचा आक्षेप येतो. दीपनगर खासगी नाही. ते आधी विद्युत मंडळाचे होते, २००५ पासून महानिर्मितीचे आहे. सार्वजनिक उद्योगावर टीका करून आपण खासगीकरणवाल्यांच्या हाती कोलीत देत नाही काय? मला हा आक्षेप मान्य नाही. सार्वजनिक मालकीचा अर्थच असा की खर्च बाहेर टाकायला ‘बाहेर’ उरत नाही. वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्याशेजारचा शेतकरी, राख वाहणारा कंत्राटी मजूर, असोद्याचा शाळकरी पोर हे सारे त्या उद्योगाचे मालकच आहेत. मालकाच्या छातीत धूर भरून दाखवलेली काटकसर ही काटकसर नव्हे. सार्वजनिक उद्योगाने खासगी उद्योगासारखेच वागायचे असेल, तर त्याच्या बचावासाठी रस्त्यावर उतरा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

‘वीज महागेल’ ही धमकीही तपासून पाहा. शंभर युनिटे वापरणाऱ्या घरावर वीस-पंचवीस रुपये येतील. तेही येऊ नयेत, अशी आपली मागणी असली पाहिजे. पहिली शंभर युनिटे आणि कृषिपंप वगळून हा भार मोठ्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांवर टाकता येतो. वीज नियामक आयोगापुढच्या दरनिश्चितीत तो प्रश्न मांडता येतो. आजही लोक किंमत मोजतच आहेत. ती वीजबिलावर छापलेली नाही, दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहे.

या आयोगापुढे सुनावणी होते तेव्हा उद्योजकांच्या संघटनांचे वकील हजर असतात, खानदेशातून कोणी नसते. तेथे आपले दोन अभ्यासू कार्यकर्ते आकडे घेऊन उभे राहिले पाहिजेत. त्याआधी वेल्हाळे, साकेगाव, भादली, असोदा या गावांच्या ग्रामसभांत एकच ठराव यावा: दीपनगरच्या प्रत्येक धुराड्यावरील स्वयंचलित मापकाची नोंद रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागली पाहिजे. ही मापके बसवण्याचे आदेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ सालीच दिले आहेत, त्यामुळे नव्या खर्चाची सबब चालणार नाही. ठरावाची एक प्रत महानिर्मितीला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला जावी, आणि उत्तरासाठी त्यांना तीस दिवसांची मुदत द्यावी. मुदतवाढ मागितली तर देऊ नये.