इश्क एवढा स्वस्त नाही

मराठीत ‘इश्क’ म्हटलं की ढोलकी, गजरा आणि फेट्याचा तुरा आठवतो. त्यातून ‘इश्कबाज’ निघाला आणि थेट चावडीवरच्या कुजबुजीत जाऊन बसला. उर्दूतला इतका वजनदार शब्द आपण असा चवचाल करून टाकला, हे काही बरं झालं नाही.

शब्द मूळचा अरबी. जुन्या कोशकारांनी त्याचं नातं ‘अशका’ नावाच्या वेलीशी जोडलं. ही वेल झाडाला विळखा घालते आणि झाड वाळत जातं. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण शायरांना तिचा मोह सुटला नाही.

कुराणात प्रेमासाठी ‘हुब्ब’ येतो. ‘मुहब्बत’ त्याच कुळातली. ‘इश्क’ तिथे नाही. त्यामुळे सूफी ईश्वराशी इश्क जोडू लागले तेव्हा अनेक उलेमांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हकिमांनी तर त्याला आजारातच जमा केलं. अकराव्या शतकातल्या इब्न सीनाने निदानाची युक्तीही लिहून ठेवली आहे: रोग्याच्या नाडीवर बोट ठेवायचं आणि माणसांची, गल्ल्यांची, धंद्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला नाडी चुकते, तिथे दुखणं. औषध काय, तर रीतसर जमत असेल तर दोघांची गाठ घालून द्या! (आपल्याकडच्या किती आईबापांना हा हकीम परवडला असता?) याच इब्न सीनाने इश्कावर तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूत तो असतो, असं मांडलं.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. विजापूरच्या आदिलशाही दरबारात नुसरती या कवीने 1657मध्ये दखनी उर्दूत ‘गुलशन-ए-इश्क’ हे काव्य रचलं. कथा मनोहर आणि मधुमालतीची. म्हणजे नाव फारसी वळणाचं आणि नायक-नायिका इथल्या मातीतले. पुढे वली औरंगाबादीचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, 1720च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि फारसीत रमलेले तिथले कवी रेख्त्याकडे, म्हणजे तेव्हाच्या उर्दूकडे, वळले. दिल्लीच्या उर्दू गझलेला वाट मिळाली ती दख्खनमधून.

आपल्याला नुसरती ठाऊक आहे तो ‘अलीनामा’मुळे, कारण त्यात शिवाजी महाराजांशी झालेल्या लढायांचे उल्लेख आहेत. शिवकाळाचं साधन म्हणून तो ग्रंथ धुंडाळणाऱ्यांनी त्याच कवीचं ‘गुलशन-ए-इश्क’ही एकदा उघडावं.