लेसिक करताय? आधी दर नव्हे, तपासणी विचारा

चष्मा घालवायचा म्हटले की पहिला प्रश्न असतो, ‘खर्च किती?’ खरा प्रश्न वेगळा आहे: माझा डोळा यासाठी योग्य आहे का? लेसिकमध्ये लेसरने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतात. काढलेला भाग परत येत नाही. म्हणून वय १८ पूर्ण आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. कॉर्नियाची जाडी आणि आकार तपासल्याशिवाय तारीख घेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्सने मापे चुकतात. त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद करा. कॉर्निया पातळ असेल किंवा डोळे फार कोरडे पडत असतील, तर डॉक्टरांचा नकार हाच प्रामाणिक सल्ला समजा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतोच. लग्न ठरले म्हणून घाई तर नकोच.